चढावर जागा जास्त लागते

पुण्याहून साताऱ्याकडे सायकलने निघालेल्या माणसाला खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एक साधी गोष्ट अंगाने कळते. वेग कमी झाला की जागा जास्त लागते. सपाटीवर ताशी २५ किलोमीटरने जाताना सायकल सरळ रेषेत राहते, तिला फारसं सांभाळावं लागत नाही. चढावर वेग सहा-सातवर उतरला की पुढचं चाक डुगडुगायला लागतं. तोल राखायला हँडल सतत जरा डावीकडे, जरा उजवीकडे वळवावं लागतं आणि दर पेडलमागे सायकल वीतभर बाजूला सरकते. म्हणजे चढणाऱ्याला सपाटीपेक्षा रुंद पट्टा हवा, आणि रस्ता नेमका इथेच अरुंद होतो. डोंगर कापायला पैसा लागतो, म्हणून घाटात सगळ्यात आधी साइडपट्टी जाते. सायकलवाल्याच्या वाट्याला डांबराची कडा उरते आणि तिच्यापलीकडे लगेच गटार किंवा कठडा.

याचा हिशेब अवघड नाही. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ९० किलो धरले, तर सहा टक्के चढावर ताशी नऊ किलोमीटर जायला साधारण दीडशे वॅट शक्ती लागते. तेवढीच शक्ती सपाटीवर त्याला पंचविशीच्या पलीकडे नेते. पाय तितकंच काम करत असतात, फक्त चढावर ते बहुतेक सगळं वजन उचलण्यात जातं. म्हणून ‘दमला म्हणून हळू झाला’ हे घाटातल्या सायकलवाल्याचं वर्णन मला पटत नाही. तो उंची मिळवत असतो आणि त्यासाठी वेगाची किंमत मोजत असतो.

घाटात हाच हिशेब शेजारून जाणाऱ्या ट्रकलाही लागू आहे. खंबाटकीत पुण्याकडून जाणारी वाहतूक घाटाने चढते आणि साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून बाहेर पडते. त्यामुळे घाटात तुमच्यासोबत सगळे चढणारेच असतात. सिमेंटच्या नाहीतर लोखंडाच्या लोडची गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत वर जाते आणि तिचा तुमच्याशी वेगाचा फरक फार नसतो. चालकाला तुम्ही दिसता, विचार करायला त्याला वेळ मिळतो, क्लीनर खिडकीतून हात काढून मागच्याला थोपवतो. लांबच्या सायकलिंगबद्दल विचारणारे बहुतेक जण ‘घाटात भीती नाही वाटत?’ असं विचारतात. माझं प्रामाणिक उत्तर असं की चढत्या घाटात मला रस्ता सर्वांत माणुसकीचा वाटतो, कारण तिथे वजनापुढे सगळ्यांचा वेग खाली येतो. भीती वाटते ती घाट संपल्यावर, सपाट सहापदरीवर, जिथे मी २५ ने आणि शेजारची गाडी १०० ने जाते.

अपघातात बसणारा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० च्या जागी ६० झाले की वाहनातली ऊर्जा चौपट होते. उतारावर हे जास्त भयंकर ठरतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा सलग उतार पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथल्या एकाच अपघातात ४८ वाहनं सापडली. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय, इंजिनाचा ब्रेक गमावलेली अवजड गाडी आणि खाली शहराची गर्दी. तिथे अडकलेल्यांत सायकल होती की नव्हती, हा प्रश्नच नाही. जो रस्ता सगळ्यात हळू चालणाऱ्याचा विचार करत नाही, तो चारचाकीवाल्यालाही वाचवत नाही.

पुण्यातून दरवर्षी अनेक ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, निघतात. सायकलवाले त्यांना ‘बीआरएम’ म्हणतात. पद्धत मुळात फ्रान्समधली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वाटेतल्या कंट्रोलवर कार्डावर नोंद होते. कंट्रोलच्या मध्ये कुणाची मदत घ्यायची नाही, पंक्चर आपणच काढायचं. पुढेमागे दिवे आणि अंगावर चमकणारं जाकीट सक्तीचं. या खेळातली मला सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे यात पहिला नंबर नसतो. उलट कंट्रोल उघडण्याचीही वेळ ठरलेली असते. परंपरागत नियमांनुसार २०० किलोमीटर पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत संपवलेत तरी ते धरत नाहीत. फार लवकर पोचणं हेसुद्धा चुकणंच, असं मानणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट पुण्याच्या सायकलवाल्यांच्या आवडीचा. दहा-बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ. वरून धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं की पाय दुखणं विसरतात. पण शनिवार-रविवारी तो पर्यटकांच्या गाड्यांनी भरतो, म्हणून लोक पहाटे चारला घर सोडतात. त्या वेळेचं खरं कारण मात्र या गाड्या नाहीत, थंड हवाही नाही. त्यांना शहर जागं होण्याच्या आत शहरातून बाहेर पडायचं असतं. दोनशे किलोमीटरच्या दिवसातले सर्वांत अवघड पंधरा किलोमीटर बहुतेकदा स्वारगेट ते कात्रज आणि त्यापुढचे असतात, तेही परतीच्या संध्याकाळी, पायात ताकद उरलेली नसताना.

परदेशात सगळं सुखाचं असतं असंही नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये एकटीने सायकलवरून जग फिरली. सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस, वय विशीच्या आसपास. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटलं गेलं, रशियात बर्फात रात्री काढाव्या लागल्या. माइक हॉल हा लांब पल्ल्याचा ब्रिटिश सायकलपटू मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात, कॅनबेराजवळच्या महामार्गावर पहाटेच्या अंधारात मोटारीच्या धडकेने गेला. तिथे रस्त्यांना रुंदीची वाण नव्हती. फ्रान्समध्ये मात्र अनेक डोंगरी खिंडींत सायकलवाल्यांसाठी खास दगड रोवलेले आहेत. पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. शिवाय गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, हा तिथला कायदा आहे. त्या दगडाचं मला फार अप्रूप वाटतं. रस्ता बांधणाऱ्याने हळू चढणारा माणूस तिथे असणार हे गृहीत धरलं, त्याचा तो पुरावा.

पुण्याने हे कधीकाळी गृहीत धरलं होतं. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पेठांतली कॉलेजं, सगळीकडे माणसं सायकलने जायची, आणि सायकलींचं शहर हे पुण्याचं नाव कुणी जाहिरातीसाठी काढलेलं नव्हतं. २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली, तेव्हा सायकल ट्रॅकही आले. २०१७ मध्ये महापालिकेने आठशेहून अधिक किलोमीटरच्या ट्रॅकचा आराखडा मंजूर केला. आता ट्रॅकवर उभ्या गाड्या आणि टपऱ्या आहेत. त्यावर पुष्कळ बोलून झालं आहे.

मला आमच्यासारख्या हौशी सायकलवाल्यांशी बोलायचं आहे. पहाटे पाचला आपण कात्रजकडे निघतो तेव्हा रस्त्यावर आपण एकटे नसतो. रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, मंडईत जाणारा हमाल, दुधाच्या किटल्या लावलेला माणूस, हे सगळे त्याच कडेला असतात. त्यांच्या सायकलला गिअर नाहीत, बऱ्याचदा दिवाही नसतो. आपण वर्षातून काही दिवस जे अंतर धाडस म्हणून कापतो, त्यातले अवघड किलोमीटर ते रोज कापतात. आपल्याकडे वेळ आहे, ओळखी आहेत, रोजचा रस्ता मीटरमीटरने नोंदवणारी यंत्रं हँडलवर आहेत. आपल्या या नोंदी महापालिकेच्या टेबलावर जायला हव्यात. कुठे कडा तुटली आहे, कुठे चेंबरचं झाकण खोल गेलं आहे, कुठल्या चढावर वेग सहावर येतो. यातलं पुष्कळ आपल्यालाच माहीत आहे.

जुन्या कात्रज घाटाच्या वाटेवर मांगडेवाडी आणि भिलारेवाडी लागतात. सायकल ट्रॅकचा आराखडा झाला तेव्हा ही गावं महापालिकेच्या हद्दीत नव्हती, ती २०२१ मध्ये आली. तिथे राहणारा माणूस पुण्यात कामाला उतारावरून येतो आणि संध्याकाळी थकल्यावर चढ चढतो. पूर्ण रुंदीचा दुतर्फा ट्रॅक तिथे बसणार नाही, हे मान्य. पण डोंगराळ शहरांत एक सोपी रीत चालते. सायकलचा पट्टा फक्त चढाच्या बाजूला आखायचा. उतारावर सायकल गाड्यांच्या जवळपासच्या वेगाने जाते, तिला मुख्य मार्गातच जागा द्यायची. कात्रज चौकापासून जुन्या बोगद्यापर्यंत, वर जाणाऱ्या डाव्या कडेला दीड मीटर. झाकणं रस्त्याच्या पातळीला आणलेली, कडेला पार्किंग नाही, आणि दर किलोमीटरला चढाचा आकडा लिहिलेला दगड.