शोधणाऱ्यास जागा सांगावी काय ?

गेल्या रविवारीं सकाळीं सोलापुरांत भवानी पेठेंतील एका उपाहारगृहांत कांहीं छांदिष्ट मंडळी कॉफीसाठीं जमली होती. आम्हांसही बोलावणें होतें. छंद असा : कोणीं एखादी डबी सार्वजनिक जागीं दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करावे; इतरांनीं ती हुडकून आंतील वहींत नांव लिहावें आणि डबी पुन्हां तेथेंच ठेवावी. २ मे २००० रोजीं अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या संकेतांत बुद्धिपुरस्सर ठेवलेली अशुद्धता काढून टाकली, व दुसऱ्याच दिवशीं ऑरेगॉनमध्यें या खेळाची पहिली बादली रानांत ठेवली गेली.

कॉफी निवण्यापूर्वींच वाद पेटला. एका तरुणास तीन खेपांतही डबी गवसली नव्हती. शेजाऱ्यानें दया येऊन जागा सांगून टाकली. तेव्हां एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "तुम्हीं त्यास कांहीं दिलें नाहींत, त्याचेंच घेतलेंत."

आम्हांस ही प्रथम अतिशयोक्ति वाटली. भुकेल्यास अन्नछत्राची वाट दाखवूं नये काय ? अवश्य दाखवावी, त्यास अन्न हवें असतें, शोध नव्हे. डबींत मात्र वहीखेरीज मोलाचें बहुधा कांहींच नसतें. शोध वजा केला कीं बाकी शून्य.

मग विद्या कोणत्या खात्यांत धरावी ? हा प्रश्न आम्हांस सोईचा नाहीं. तीस वर्षें आम्हीं वर्गांत टिपणें सांगितलीं, मुलें उत्तीर्ण झालीं, आणि तीं कृतज्ञही आहेत. एकदां मात्र एका विद्यार्थ्यानें विनविलें होतें, "सर, उद्यांपर्यंत उत्तर सांगूं नका." आम्हीं घड्याळाकडे पाहिलें आणि उत्तर फळ्यावर लिहिलें. त्यानें तें उतरून घेतलें नाहीं.