डॉक्टरांना ‘ते’ दिवसही सांगा

मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत एक तरुण मान खाली घालून बसला आहे. सोबत आई आणि थोरला भाऊ. दोन महिने झाले, तो अंथरूण सोडत नाही, आंघोळीला ढकलावे लागते, जेवणावर वासना नाही. आई डोळे पुसत सगळे सांगते. डॉक्टर विचारतात, “याच्या अगदी उलट कधी झालं होतं का? झोप कमी, बोलणं फार, अंगात दुप्पट जोर?” भाऊ आईकडे बघतो. आई म्हणते, “नाही हो. तेव्हा तर तो चांगलाच होता.” गेल्या वर्षीचे ते तीन आठवडे, पहाटेपर्यंत चालणाऱ्या धंद्याच्या योजना, उसने पैसे काढून घेतलेले चार मोबाइल, काकांच्या अंगावर धावून जाणे, हे सगळे आई गिळून टाकते. येत्या रविवारी मुलीकडचे लोक घरी येणार आहेत.

प्रसंग कल्पित आहे, पण यातले एकही वाक्य वाचकाला नवे वाटणार नाही. आईच्या त्या एका ‘नाही’मुळे मुलाच्या हाती चुकीची चिठ्ठी पडू शकते, हे मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असते.

नैराश्य दोन वेगळ्या आजारांत दिसते. एकध्रुवी नैराश्यात मन खाली जाते आणि पुन्हा मूळ पातळीला येते. द्विध्रुवी विकारात, म्हणजे ज्याला आपण बायपोलर म्हणतो त्यात, मन खाली जाते तसे कधी पातळी ओलांडून वरही उसळते. त्या उसळीला उन्माद म्हणतात. ती सौम्य असेल तर घरच्यांना आजार वाटतच नाही. खाली गेलेल्या काळात मात्र दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात: तीच सुस्ती, तीच अपराधीपणाची भावना, तेच ‘जगून काय करू’. बायपोलरच्या रुग्णाचा आजारातला बराचसा काळही खालीच जातो, आणि तो दवाखान्यात येतो तोही बहुधा तेव्हाच. उसळीच्या काळात आपण आजारी आहोत असे त्याला वाटत नाही. हा फरक दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटोही नाही. तो कळतो फक्त गेलेल्या दिवसांच्या हकिकतीतून.

जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये हे सगळे एकाच नावाखाली बांधले होते. १९५७ मध्ये कार्ल लेऑनहार्ट यांनी दोन गट वेगळे मानले. १९६६ मध्ये स्वित्झर्लंडचे ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनमध्ये काम करणारे कार्लो पेरिस यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्या भेदाला आधार दिला. या दोघांनी पाहिले होते रुग्णांच्या नातेवाइकांकडे: कोणत्या घरात कोणता आजार आढळतो याकडे. कुटुंबे बोलली म्हणून हा भेद शास्त्राच्या हाती लागला. आपली कुटुंबे तोच भेद गिळून बसतात.

त्याची किंमत रुग्ण मोजतो. एकध्रुवी नैराश्यात नैराश्यावरच्या गोळ्या उपयोगी पडतात. बायपोलरच्या रुग्णाला मात्र मन स्थिर राखणाऱ्या औषधाशिवाय त्याच गोळ्या दिल्या, तर काहींच्या बाबतीत उन्माद उसळू शकतो. मग घरचे म्हणतात, “डॉक्टरांच्या गोळ्यांनी बिघडलं.” अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे त्यांनीच सांगितलेले नव्हते.

शेजारीपाजारी आणखी एक घोळ घालतात. “अमक्याच्या गोळ्या वर्षात सुटल्या, तुझ्या का चालू?” नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर बरे वाटल्यानंतर काही महिने औषध चालू ठेवून ते हळूहळू बंद करता येते. बायपोलरमध्ये ते अनेकदा वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये ज्याचा उन्मादावरचा गुण दाखवून दिला ते लिथियम आजही त्यासाठी वापरतात. ते घेणाऱ्याच्या रक्तातले लिथियमचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासावे लागतात, आणि ते एकाएकी बंद केले तर आजार जोराने उलटू शकतो. शेजारच्या माणसाच्या गोळ्यांशी त्याची तुलना करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

यातला नैतिक दोष माझ्या मते आपल्या पसंती-नापसंतीत आहे. मन खाली गेलेल्या माणसाला आपण आळशी ठरवतो. वर उसळलेल्या मुलाचे कौतुक करतो: किती कामाचा, झोपही लागत नाही त्याला! आणि उसळलेली मुलगी असली तर? तिचे भरभर बोलणे, नटणे, पैसे उधळणे, अनोळखी पुरुषाशी सलगी करणे यांत आपल्याला आजार दिसत नाही, चाल दिसते. तिला कोंडतात, मारतात, नाहीतर अंगात आले म्हणून देवऋष्याकडे नेतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्यांनी त्या कायद्यासाठी आयुष्य वेचले ते डॉ. नरेंद्र दाभोलकर तो होण्याआधी मारले गेले. निदान त्यांच्या राज्यात तरी आजारी मुलीच्या पाठीवर वळ उठू नयेत.

अलीकडे ‘डिप्रेशन’ हा शब्द घरात उच्चारता येतो, ही चांगली गोष्ट आहे. पण तिथेच एक नवी उतरंड तयार झाली आहे. डिप्रेशन म्हणजे सभ्य दुखणे आणि बायपोलर म्हणजे वेड. म्हणून नातेवाईक डॉक्टरांना विनवतात, कागदावर डिप्रेशन एवढेच लिहा. नाव बदलून आजार बदलत नाही. शिवाय नैराश्य हे हलके दुखणे आहे हा समजही खोटा आहे. तेही जीव घेते.

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशी आपल्याकडे म्हणच आहे. ती हसत हसत म्हटली जाते आणि तिच्यावर विसंबून खरोखर लग्ने लावली जातात. नव्या मुलीला काही सांगायचे नाही, आणि तिच्या नजरेस पडू नयेत म्हणून नवऱ्याच्या गोळ्याही बंद करायच्या. लग्नघरातली जागरणे वेगळीच, कारण झोपमोड हे उन्मादाला आमंत्रण असते. ही फसवणूक आहे, आणि तिच्यात दोन माणसे बुडतात.

लपवणाऱ्या आईची भीती मला समजते. धाकटीचे लग्न व्हायचे आहे, नोकरी जाईल, लोक बोट दाखवतील. सख्ख्या नात्यात या आजाराचा धोका वाढतो हेही खरे, पण त्यातल्या बहुतेकांना तो होत नाही. उलट भावाला बायपोलर आहे हे धाकटीच्या डॉक्टरांना ठाऊक असेल, तर तिच्या बाळंतपणानंतरच्या धोक्याच्या दिवसांत ते तिच्यावर नीट लक्ष ठेवू शकतात. जे तिच्यासाठी लपवले, ते तिच्यासाठीच सांगायला हवे होते.

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि शरीराबद्दल जे कुजबुजतही कोणी बोलत नव्हते ते छापून दाखवले. मनाच्या आजाराबाबत आपण अजून त्या पायरीवरही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण आणि बायपोलरच्या सुमारे ७० जण उपचारांविना आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचा हक्क दिला, माहिती गुप्त राखण्याची हमी दिली, विमा कंपन्यांनाही हे आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला सांगितले. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट गावभर होईल ही धास्ती बाळगायचे कारण नाही.

तेव्हा दवाखान्यात जाण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून एक कागद लिहावा. मन खाली गेले ते महिने लिहावेत आणि झोपेविना धावलेले दिवसही लिहावेत. आजोबा, मावशी, आत्या यांच्यात काही होते का, कोणी जीव दिला होता का, हेही लिहावे. कोणत्या गोळीनंतर काय झाले तेही. आणि घरात कोणी मरणाची भाषा करत असेल तर उद्यावर ढकलू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.