थांबा कुणाचा?

ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला फोरार्लबर्ग नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या ब्रेगेन्झरवाल्ड खोऱ्यातलं क्रुम्बाख हे जेमतेम हजार वस्तीचं गाव. २०१४ साली या गावाने सात बसथांबे उभारले आणि जगभरच्या वास्तुरचनाकारांच्या नजरा तिकडे वळल्या. आराखडे सात देशांतल्या नामवंतांचे होते. त्यांत चीनचे वांग शू होते. वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार त्यांना दोनच वर्षांपूर्वी मिळालेला होता. जपानचे सू फुजिमोतो, चिलीचे स्मिल्यान रादिच, रशियाचे अलेक्झांडर ब्रॉडस्की हेही होते. पैशांचं मानधन कुणालाच नव्हतं. मोबदला ठरला तो या खोऱ्यातल्या सुट्टीच्या पाहुणचाराचा.

पाहुणे आले, हिंडले आणि प्रत्येकाने एकेक थांबा सुचवला. वांग शूंनी लाकडाची अशी चौकट केली की आत बसणाऱ्याची नजर थेट समोरच्या डोंगरावर जावी. स्पेनच्या आन्साम्ब्ल स्टुडिओने त्या भागात फळ्या वाळत घालण्यासाठी जशा एकावर एक रचतात, तशाच ओकच्या कच्च्या फळ्या रचून आडोसा केला. रादिचच्या काचेच्या खोलीत शेतकऱ्यांच्या घरातल्यासारख्या लाकडी खुर्च्या आहेत, आणि सोबत पाखरांसाठी एक पेटी. नॉर्वेच्या रिन्ताला एगर्टसन यांना जागा मिळाली टेनिसच्या मैदानालगत, म्हणून त्यांनी खाली बसची वाट पाहणाऱ्यांची आणि वर खेळ बघणाऱ्यांची सोय केली. मला हा थांबा सातांत सर्वांत शहाणा वाटतो. फुजिमोतोंनी बारीक पोलादी सळ्यांचं रान उभं केलं आणि त्यातून वर जाणारा जिना दिला. दिसायला ते विलक्षण आहे, पण पावसात तिथे कोरडं राहता येत नाही. थांब्यावर पहिला हक्क वाट पाहणाऱ्याचा आहे असं मी मानतो, म्हणून कितीही सुंदर असला तरी तो थांबा मला अपुरा वाटतो.

क्रुम्बाखची गोष्ट सांगताना लोक साधारण या नावांपाशीच थांबतात. मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आराखडे बाहेरचे होते, पण ते उभे केले खोऱ्यातल्या सुतारांनी, लोहारांनी, गवंड्यांनी. प्रत्येक परदेशी रचनाकाराला एका स्थानिक वास्तुरचनाकाराची जोड होती. या खोऱ्यातल्या कारागिरांनी १९९९ मध्येच ‘वेर्कराउम’ नावाची स्वतःची संघटना बांधली होती. चांगलं काम ओळखणारे डोळे आणि ते करणारे हात गावात आधीपासून होते. तितकीच मोलाची गोष्ट म्हणजे बस. खोऱ्यात धावणारी पिवळी ‘लांडबुस’ ठरल्या वेळी येते, ठरल्या वेळी जाते, आणि शाळकरी मुलं, कामगार, म्हातारी माणसं तिच्यावर रोजचा दिवस आखतात. थांबे आले ते या धावत्या बसच्या मागून. ज्या गावाने बसवर आधीच विश्वास टाकला होता, त्याने तो विश्वास दगडालाकडात मांडला.

शहरांतल्या थांब्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात ज्याँ-क्लोद दको या जाहिरात व्यावसायिकाने नगरपालिकेला एक प्रस्ताव दिला: छप्पर मी फुकट बांधतो, देखभालही करतो, बदल्यात त्यावर जाहिराती लावायचा हक्क मला द्या. रिकाम्या तिजोरीच्या नगरपालिकांना याहून सोपा सौदा कुठला मिळणार? तो जगभर पसरला. त्याने लाखो लोकांच्या डोक्यावर छप्पर आणलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण छप्पर कुठे उभं राहील हे जाहिरात कुठे दिसेल यावर ठरू लागलं. मोठ्या चौकात, महागड्या दुकानांसमोर झगमगते थांबे आले. कामगार वस्तीच्या टोकाला नुसता खांब राहिला.

मुंबई-पुण्यात हेच दिसतं. थांब्यावरची जाहिरात रात्रभर उजळलेली असते आणि मार्गांचे क्रमांक लिहिलेली पाटी मात्र अंधारात. छप्पर इतकं उंच आणि अरुंद की तिरप्या सरीत सगळेच भिजतात. बसायला दोन गोल नळ्या, ज्यांवर म्हाताऱ्या माणसाला टेकताही येत नाही. समोर रिक्षा आणि मोटारसायकली लागलेल्या असतात, म्हणून बस थांबते वीस पावलं पुढे, आणि बाळ कडेवर घेतलेली बाई रस्त्यात उतरून धावते. हा हलगर्जीपणा आहेच. त्याच्या मुळाशी मात्र हे आहे की थांब्याचे पैसे देणारा रस्त्यावरून मोटारीने जाणाऱ्याकडे बघतो. बाकावर बसलेला माणूस त्याच्या हिशेबातच नाही.

सोव्हिएत संघात पैसा जाहिरातीचा नव्हता, सरकारचा होता. तिथे गंमत अशी झाली की मोठ्या इमारतींवर कडक नियमांचं ओझं असताना बसथांब्यासारख्या लहान बांधकामाकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, आणि तरुण कलावंतांनी तिथे मनसोक्त काम करून घेतलं. अबखाझियातल्या पित्सुंडा किनाऱ्यावर झुराब त्सेरेतेलींनी १९६० च्या दशकात लाटांसारखे, शिंपल्यांसारखे, रंगीत काचतुकड्यांनी मढवलेले थांबे केले. कॅनडाच्या क्रिस्टोफर हेरविग यांनी वर्षानुवर्षे हिंडून असे शेकडो थांबे टिपले. त्यांचं छायाचित्रांचं पुस्तक २०१५ मध्ये निघालं. त्या चित्रांकडे बघताना मला आनंद होतो आणि वाईटही वाटतं. त्यातले कितीतरी थांबे आज ओसाड माळावर पडझड सोसत उभे आहेत. जपानमध्ये नागासाकीजवळच्या कोनागाई गावातले कलिंगड, टोमॅटो, स्ट्रॉबेरीच्या आकाराचे थांबे १९९० च्या प्रदर्शनासाठी केलेले; ते अजून टिकले आहेत, गावाची ओळख झाले आहेत.

या सगळ्यांहून निराळा विचार ब्राझीलच्या कुरितिबा शहरात झाला. तिथले तेव्हाचे महापौर जायमे लेर्नेर स्वतः वास्तुरचनाकार होते. बससाठी राखीव मार्गिका शहरात १९७४ पासून होत्या, तरी बस रेंगाळायचीच, कारण एकेक प्रवासी पायऱ्या चढून आत तिकीट काढायचा. १९९१ मध्ये काचेच्या आडव्या नळीसारखे थांबे आले. तिकीट नळीत शिरतानाच काढायचं, नळीचा तळ आणि बसचा तळ एका पातळीवर, बस आली की तिच्या दारातून फळी खाली पडते आणि माणसं चालत आत जातात; चाकाच्या खुर्चीसाठी उचलणीची सोय. त्या थांब्याचं रूप त्याच्या कामातून आलं, आणि म्हणूनच ते शहराचं चिन्ह झालं. बोगोटाने २००० मध्ये हीच कल्पना मोठी केली, अहमदाबादने २००९ मध्ये आपलीशी केली. पुण्याने तर त्याआधीच, २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट मार्गावर प्रयत्न सुरू केला होता. पुढे नगर रस्त्यावरही बसची अशी राखीव मार्गिका झाली; आज ती उखडली गेली आहे. सार्वजनिक वाहतुकीसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी विरोध केला, पण शहर त्यांच्यामागे उभं राहिलं नाही. मार्गिकेने आपल्या मोटारीची जागा घेतली, एवढंच बहुतेकांना जाणवत होतं. थांबा आपला आहे असं कुणाला वाटावं, यासाठी कुणी काही केलंच नव्हतं.

गावांकडे वळलं की मला आशा वाटते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हापासून गावोगावी पहिली गाडी आली तेव्हा बायकांनी ओवाळलं, नारळ फुटले, चालक-वाहकाला हार पडले. मुक्कामी गाडीचं तर काय सांगावं! रात्री गाडी गावात मुक्कामाला येते, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर निजतात, कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येतं, पहाटे आंघोळीला कढत पाणी येतं. त्याच पहाटेच्या गाडीने दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे आजोबा निघतात. फेरी बंद व्हायची कुणकुण लागली की ग्रामसभेत ठराव होतो, आगार व्यवस्थापकाला निवेदन जातं, प्रसंगी रास्ता रोको होतो. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात गाड्या थांबल्या तेव्हा त्यांची किंमत सगळ्यांत आधी कळली ती शाळेला चालत जाणाऱ्या मुलींना. सार्वजनिक वाहतुकीला समाजाचा पाठिंबा कसा मिळवायचा यावर शहरांत परिसंवाद भरतात. इथे तो पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच्या रूपात दिला जातो आहे.

मग फाट्यावरची निवारा शेड अशी का? तिच्यावर संगमरवरी पाटी असते, कुणा कैलासवासींच्या स्मरणार्थ नाहीतर स्थानिक विकास निधीतून. देणाऱ्याचं नाव ठळक असतं, गाडीची वेळ कुठेच नसते. तीन बाजूंनी भिंती, त्यामुळे आत बसलेल्याला गाडी दिसत नाही आणि चालकाला आतलं माणूस दिसत नाही. साहजिकच सगळे बाहेर उन्हात किंवा लिंबाच्या झाडाखाली उभे राहतात. आत पत्त्यांचा डाव, मागच्या भिंतीला मुतारीचा वास. बायका तिथे पाऊल टाकत नाहीत.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या यिंगलिंग फान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की छप्पर, बाक आणि गाडी कधी येईल याची माहिती नसलेल्या थांब्यावर वाट पाहण्याचा वेळ असतो त्याहून मोठा वाटतो, आणि परिसर असुरक्षित वाटत असेल तर दहा मिनिटांहून जास्त ताटकळणाऱ्या बायकांना तो फारच लांबतो. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. गाड्यांत आजीआजोबा आणि बायका वाढल्या, म्हणजे थांब्यावरही वाढल्या. तिकिटाचं धोरण त्यांना ओळखून बदललं; शेड मात्र त्याच जुन्या साच्यातली राहिली. दोन्ही सवलती मला मनापासून पटतात. आता थांब्यानेही त्यांची दखल घ्यायला हवी.

अडचण पैशापेक्षा मालकीची आहे. रस्त्याची कड बांधकाम खात्याची किंवा महामार्ग प्राधिकरणाची, शेड ग्रामपंचायतीची, गाडी महामंडळाची. लॉस एंजेलिसमध्ये २०२३ मध्ये असाच पेच होता: पुऱ्या थांब्याला अनेक खात्यांच्या परवानग्या लागतात, म्हणून खांबाला जोडायचा जाळीदार पत्र्याचा एक उभा तुकडा पुढे आला, ज्याची सावली एकदोन माणसांनाही पुरेना. लोक संतापले. मला तो राग योग्य वाटला, पण तो एकट्या पत्र्यावर काढण्यासारखा नव्हता.

क्रुम्बाखसारखे जाणते हात आपल्याकडेही आहेत. कोकणात जांभ्याचा चौथरा आणि मंगलोरी कौलं बसवणारे आहेत, देशावर काळा पाषाण घडवणारे आहेत, विदर्भात बांबूचं काम जाणणारे आहेत. वास्तुकलेच्या महाविद्यालयांत दरवर्षी मुलं शिकून बाहेर पडतात, त्यांना फाट्यावरचं खरं काम द्यायला काय हरकत आहे? एका तालुक्याने पाच थांबे घ्यावेत. ग्रामसभेच्या ठरावात दोन नावं लिहावीत, एक गावातलं आणि एक आगारातलं. वेळापत्रकाची पाटी रंगवणं आणि फेरी बदलली की ती दुरुस्त करणं हे त्यांचं काम. झाड असेल तर छपराने त्याला जागा द्यावी. आणि पहिली बैठक पंचायतीच्या कार्यालयात न घेता फाट्यावर घ्यावी, पहाटेच्या गाडीच्या वेळी. कॉलेजच्या मुली, दूधवाले, दवाखान्याला निघालेल्या आजी तिथे असतातच. गाडी कुठून दिसते, ऊन कुठल्या अंगाने येतं, पाठीला टेकायला काय हवं, अंधारात कुठे उभं राहावंसं वाटत नाही, हे त्यांना विचारून वहीत लिहून घ्यावं. आराखडा त्यानंतर काढावा.