वाक्यात उपयोग करा

आठवीच्या वर्गाला मी परवा पाच इंग्रजी विशेषणे दिली आणि त्यांचा वाक्यात उपयोग करून आणायला सांगितले. हा गृहपाठ मुलांना कंटाळवाणा वाटतो. वह्या तपासताना मला मात्र मौज वाटते. शब्दाचा अर्थ मुले कोशातून उतरवतात, पण वाक्य ती घरातून आणतात.

पाचांतला एक शब्द होता 'अ‍ॅम्बिशस'. त्याचा अर्थ 'महत्त्वाकांक्षी' असा मी फळ्यावर लिहून दिला होता. बहुतेकांनी मुंबईला असलेल्या एखाद्या भावाला किंवा मामाला महत्त्वाकांक्षी करून आपली सुटका करून घेतली होती. आमच्या पोलादपुरात घरटी एखादा तरी मुंबईला असतोच! एका मुलीच्या वहीत मात्र दोन छोटी वाक्ये होती : 'माय मदर इज नॉट अ‍ॅम्बिशस. शी इज गुड.' माझी आई महत्त्वाकांक्षी नाही. ती चांगली आहे.

व्याकरणात कोठे खोट नव्हती. तरी बरोबरची खूण करायला हात पुढे होईना. तिच्या आईला मी ओळखतो. महामार्गावरच्या एका खानावळीत ती पहाटेपासून भाकऱ्या थापते. जूनमध्ये शाळेत आली होती. पदराच्या गाठीतले पैसे वह्यांसाठी मोजून देताना म्हणाली, "गुरुजी, हिला विंग्रजी चांगलं येऊ द्या. मला यष्टीची पाटीसुदीक वाचता येत नाय. हिचं तसं नको."

या बाईला महत्त्वाकांक्षा नाही, हे वाक्य बरोबर कसे म्हणावे?

दोष त्या मुलीचा नव्हता. आपल्या घरांत हा शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारला जातो. 'सून फार महत्त्वाकांक्षी आहे हो!' हे कोणी कौतुकाने म्हटलेले मी अद्याप ऐकलेले नाही. आपल्या मुलाला असते ती उमेद, शेजाऱ्याच्या मुलाला असते ती हाव. गोष्ट एकच, दार तेवढे वेगळे.

इंग्रजी शब्दाची कुळकथाही अशीच आहे. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून मूळ अर्थ 'फिरणे' असा आहे. प्राचीन रोममध्ये निवडणुकीचे उमेदवार पांढरेशुभ्र झगे घालून लोकांची मते मागत फिरत. ते फिरणे म्हणजे 'अ‍ॅम्बिशिओ'. पुढे शेक्सपियरने सीझरवरचे नाटक लिहिले. त्यात ब्रूटस लोकांना सांगतो की सीझर महत्त्वाकांक्षी होता, म्हणून त्याला मारले. मग अँटनी उठतो आणि त्याच लोकांना विचारतो, तीन वेळा देऊ केलेला मुकुट ज्याने नाकारला, त्याला महत्त्वाकांक्षी म्हणायचे काय? शब्द तोच राहतो, पण भाषण संपेपर्यंत त्याचा अर्थ उलटून गेलेला असतो.

एवढ्या लांब जायचेही कारण नाही. आमची सावित्री नदी पोलादपूरवरून खाली महाडला जाते. त्या महाडचे चवदार तळे नगरपालिकेने 1924 साली ठराव करून सर्वांना खुले केले होते. ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. ज्यांना ते सोसले नाही त्यांनी परिषदेला आलेल्या माणसांना मारहाण केली आणि पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण'ही केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! वरच्या पायरीवर उभा असलेला माणूस आणखी वर चढू लागला की आपण त्याला महत्त्वाकांक्षी म्हणतो. खालच्या पायरीवर ठेवलेला माणूस सरळ उभा राहिला तरी 'पायरी सोडली' असे म्हणतो. तेव्हा हे विशेषण कोणाला लावले आहे याबरोबरच ते कोण लावतो आहे, हेही पाहिले पाहिजे.

आता थोडे व्याकरण. इंग्रजीत या विशेषणापुढे 'टू' आला, तर माणसाला काय करायचे आहे ते कळते. 'फॉर' आला, तर ते कोणासाठी हवे आहे तेही सांगता येते. 'शी इज अ‍ॅम्बिशस फॉर हर डॉटर' हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. मी वर्गात 'फॉर' शिकवलाच नव्हता. चूक असलीच तर ती माझी होती.

पण दुसऱ्यासाठी बाळगलेली महत्त्वाकांक्षा तेवढ्याने निर्मळ होते काय? मुलाला डॉक्टर करण्याच्या हट्टापायी त्याला पिळून काढणारे बापही 'मुलासाठीच' म्हणत असतात. म्हणून आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : किंमत कोण देतो, आणि त्याला विचारले होते काय?

तान्हाजी मालुसऱ्यांचे उमरठ आमच्याच तालुक्यात आहे. मुलाचे लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्यावर गेले, ही पोवाड्यांनी घरोघर पोचवलेली कथा. 1670 साली तान्हाजी पडले, गड आला. ही कथा सांगताना मी अलीकडे क्षणभर थांबतो. लग्नघरातल्या त्या बाईचे काय झाले असेल? तान्हाजींचे मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. किंमत मोजणारे आणखीही कोणी होते, एवढेच ध्यानात येते.

हे सुचायला कारण माझेच घर आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने माझी कादंबरी परत पाठवली. सोबतच्या पत्रात 'लेखन अ‍ॅम्बिशस आहे' असे म्हटले होते. पत्नीला ती स्तुती वाटली. मला कळले, की माणसाबद्दल हा शब्द बरा असला, तरी पुस्तकाबद्दल तो पुष्कळदा 'झेपले नाही' असे सभ्यपणे सांगण्यासाठी वापरतात. मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या मास्तराला ते फार झोंबले. पुढची चार वर्षे मी रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत दार लावून ती कादंबरी पुन्हा लिहिली. ती छापली गेली, दोन सत्कार झाले. सत्कारांत मी माझ्या कष्टांविषयी बोललो. त्या चार वर्षांत दळण, पाणी, आजारी म्हातारी माणसे आणि मुलांचे अभ्यास कोणी पाहिले, याविषयी बोलायचे राहून गेले.

त्या मुलीच्या वहीत मी चुकीची खूण केली नाही. पहिल्या वाक्यातला 'नॉट' कंसात घातला, शेवटी 'फॉर मी' जोडले आणि तिला जवळ बोलावून अर्थ सांगितला. माझी आई माझ्यासाठी महत्त्वाकांक्षी आहे. दुसरे वाक्य होते तसेच ठेवले. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, पण तिला स्वतःसाठी काय पाहिजे होतं?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. "घरी जाऊन विचार," एवढेच म्हणालो.

त्याच संध्याकाळी पत्नी करंज्या लाटत बसली होती. मीही तिला तेच विचारले. "आता विचारताय?" म्हणून ती हसली. दोन करंज्या होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "शिवणाचा वर्ग काढायचा होता. पुढच्या खोलीत उजेड चांगला आहे."

ती खोली गेली कित्येक वर्षे माझ्या टेबलाने अडवली आहे. भाऊबीज झाली की ते टेबल माजघरात हलवायचे ठरले आहे.