लेखकाची साक्ष

दिवाळीच्या आधी आठ दिवस आपल्याकडे घरोघर झाडलोट चालते. माळ्यावरची जळमटे निघतात, कपाटामागचा केर निघतो आणि एखादा दिवस तरी घरातली सारी अडगळ अंगणात येऊन पडते. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती दिसते. पण म्हणून त्या घराला कोणी नावे ठेवीत नाही, उलट ‘सण जवळ आला’ असेच म्हणतात. घराच्या बाबतीत जे इतके सहज उमजते, ते समाजाच्या बाबतीत मात्र उमजत नाही. कोपऱ्यातली अडगळ एखाद्या कादंबरीकाराने उजेडात आणली की त्याने घराची अब्रू घालवली, असे आपल्याला वाटते.

मी शाळामास्तर आहे, कादंबऱ्या लिहितो आणि जन्माने व श्रद्धेने ख्रिस्ती आहे. या तीन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की लोक एक प्रश्न हमखास विचारतात. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या देवळाच्या समाजातल्या, एका वृद्ध गृहस्थांनी तो मला अगदी नेमका विचारला. माझ्या एका कादंबरीत एक ख्रिस्ती सुतार आहे. रविवारी उपासनेला तो पहिल्या बाकावर बसून गोड गळ्याने गातो, आणि शनिवारी रात्री दारू पिऊन बायकोला मारतो. पुस्तक वाचून ते म्हणाले, “मास्तर, आधीच आपण मूठभर. आपली लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची, तर बाहेरच्यांनी काय म्हणावे? लिहायचेच तर चांगल्या माणसांवर लिहा की!”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोठ्या समाजातला एक माणूस वाईट निघाला, तर तो एकटा वाईट ठरतो. लहान समाजातला एक वाईट निघाला की सगळेच ठरतात. त्या वृद्ध गृहस्थांच्या बोलण्यात ढोंग नव्हते; होती ती माया.

परंतु आमच्या शास्त्रातल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. तिचा अर्थ आपण सामान्यतः इतकाच घेतो की, निरपराध्यावर बालंट आणू नये. लेखकाला तो अर्थ पुरत नाही. समजा, मी माझ्या सुताराचे गाणे तेवढे लिहिले आणि शनिवारची रात्र गाळली. सुताराचे त्यात काही बिघडणार नाही, मंडळीचेही नाही. पण त्याच्या बायकोचे काय? तिच्या अंगावरचे वळ मी खोटे ठरवले. तीही माझी शेजारीणच आहे. चांगुलपणाचा मुलामा दिलेली कथा नेहमी कोणाच्या तरी विरुद्ध खोटी साक्ष देत असते, आणि ते कोणीतरी बहुधा दुबळे असते.

मी त्या गृहस्थांना पेत्राची आठवण दिली. प्रभू येशूला पकडून नेल्यावर हा पट्टशिष्य एका दासीच्या प्रश्नाला घाबरला आणि ‘मी त्याला ओळखत नाही’ असे तीनदा सांगून मोकळा झाला. पुढे तोच मंडळीचा पुढारी झाला. त्या काळी ख्रिस्ती लोक आमच्याहूनही मूठभर होते. वर त्यांचा छळ चाललेला. आपल्या पुढाऱ्याची ही नामुष्की झाकून ठेवायला त्यांना सबळ कारण होते. तरी ती चारही शुभवर्तमानांत नोंदलेली आहे. परंपरा तर असे सांगते की, मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्याच तोंडून ऐकलेल्या हकीकतींवरून लिहिले. म्हणजे ही अडगळ अंगणात आणली ती खुद्द घरधन्याने.

वृद्ध गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पण मास्तर, पेत्र नंतर रडला होता. तुमचा सुतार कुठे रडतो?”

या एका वाक्याने त्यांनी मला खऱ्या प्रश्नापाशी आणून सोडले. सत्य सांगावे, हे ठरले. पण ते सांगून माणसाचे करायचे काय? शेवटच्या प्रकरणात सुताराला गुडघे टेकायला लावणे माझ्या हातचे होते. चार ओळींत त्याला पश्चात्ताप झाला असता, मंडळी तृप्त झाली असती आणि मीही कृतार्थ. मात्र तो पश्चात्ताप सुताराचा नसता, माझा असता. त्याच्या डोळ्यांत मी ओतलेले पाणी.

मराठी ख्रिस्ती लेखकांपुढे हा मोह पहिल्यापासून उभा आहे. बाबा पदमनजींनी 1857 साली ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून पुष्कळजण तिचा मान करतात. विधवांचे हाल त्या काळी इतक्या धीटपणे मांडणे हे त्यांचे मोठेपण. तरीही त्यातली माणसे बोलू लागली की पुष्कळदा त्यांच्या मागे उभा असलेला उपदेशक ऐकू येतो. याउलट लक्ष्मीबाई टिळक पाहा. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेली ताटातूट साधी नव्हती. पण 1934 पासून भागाभागांनी निघालेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्या ना नवऱ्यावर खटला भरतात, ना सुटलेल्या समाजावर. टिळकांचा तापटपणा, त्यांचे उधळे औदार्य, आपले स्वतःचे सोवळेओवळे, सारे त्या सांगतात आणि सांगताना हसतात. वडिलांच्या कडक सोवळ्याने घरादाराला झालेला जाच त्यांनी लपवला नाही, आणि वडिलांना राक्षसही केले नाही. उपदेशाचा शब्द न उच्चारता क्षमा कशी लिहावी, हे मी त्या पुस्तकापासून शिकत आलो आहे.

खुद्द प्रभूच्या कथांची ठेवणही अशीच आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा घरी परततो, मेजवानी होते; पण रुसलेला थोरला मुलगा दाराबाहेर उभा राहतो आणि बाप त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही? कथा ते सांगत नाही. ऐकणाऱ्यांत जे थोरले मुलगे होते, त्यांनी ते ठरवायचे होते. माझ्या कादंबरीत अखेरीस बायको दार आतून लावून घेते आणि सुतार रात्रभर पायरीवर बसून राहतो. त्याचा गोड गळा मी त्याच्याकडून काढून घेतला नाही, आणि तिच्या हाताने कडीही काढवली नाही.

याचा अर्थ, जे जे दिसले ते ते लिहावे असा नाही. मास्तरापाशी मुले आणि मुलांच्या आया विश्वासाने पुष्कळ काही बोलून जातात. त्यातले ओळखू येईल असे काही मी कागदावर उतरवत नाही. दुसऱ्याचे रहस्य ही आपली मिळकत नव्हे. माझा सुतार कोण, हे गावात कोणालाही सांगता येणार नाही.

प्रभूने काही लिहिल्याचा प्रसंग शुभवर्तमानांत एकच येतो. व्यभिचारात पकडलेल्या एका स्त्रीला दगडमार करायला लोक जमले होते, तेव्हा तो वाकून बोटाने धुळीत लिहीत राहिला. काय लिहिले, ते कोणालाच ठाऊक नाही. त्याने तिला निर्दोष म्हटले नाही आणि जमावालाही निर्दोष राहू दिले नाही. दगडवाले एकेक करून निघून गेले. आम्ही लेखक शाईने लिहितो, जाड पुस्तके छापतो आणि ती फार टिकावीत अशी आशा करतो. ती किती टिकली, यापेक्षा ती वाचताना कोणाच्या हातातला दगड गळून पडला काय, हाच हिशोब मला जास्त खरा वाटतो.