तौबेला घर हवे

नशेचा विषय निघाला की आपल्या समाजात चर्चा फार वेळ चालत नाही. नशा आणणारी प्रत्येक वस्तू हराम आहे, एवढे सांगून आपण मोकळे होतो. हुकूम बरोबरच आहे. पण त्याने प्रश्न संपत नाही. ज्याला नशा सोडायची आहे, त्यालाही हा हुकूम पाठ असतो. त्याने तौबा केलेली असते, बहुधा अनेकदा. त्याचा प्रश्न वेगळा असतो. उपचार संपवून तो केंद्राबाहेर पडतो, त्या रात्री त्याने झोपायचे कुठे? आम्ही याला नैतिक प्रश्न मानतो, आणि त्याचे उत्तर त्याने एकट्याने द्यायचे नाही, असे आमचे मत आहे.

पुण्यात डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अवचटांनी जे लिहिले, त्यातून हे काम उभे राहिले. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचा. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे तेथे कार्यकर्ते होतात. इतक्या दिवसांत शरीर सावरते, डोके ताळ्यावर येते. पण छत्तिसावा दिवस घरी उजाडतो.

आमच्या मांजर्लीतला असा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. एका खोलीचे घर, त्यात पाच माणसे. इमारतीखाली तेच मित्र, बदलापूर स्टेशनच्या वाटेवर तीच दुकाने, लोकलच्या डब्यात तीच टोळी. घरात आई खिसे तपासते, बायको श्वास हुंगते, भाऊ पगार स्वतःकडे ठेवतो. त्यांचे चुकते असे नाही; ते पोळलेले आहेत. पण ज्या घरात विश्वास जळून गेला, त्याच घरात तो पहिल्या दिवसापासून कसा मिळणार? घरचे पहारेकरी होतात आणि तो कैदी.

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये शंभर खून केलेल्या माणसाची हदीस आहे. जुम्म्याच्या बयानात ती आपण ऐकलेली असते. माझी तौबा कबूल होईल का, असे त्याने एका आलिमला विचारले. आलिमने होकार दिला, पण तेवढ्यावर थांबला नाही. तुझी वस्ती वाईट आहे, तेथे परत जाऊ नकोस. अमुक वस्तीत अल्लाहची इबादत करणारे लोक आहेत, त्यांच्यात जा, असे त्याने सांगितले. तो वाटेतच वारला आणि चांगल्या वस्तीच्या वीतभर जवळ निघाला म्हणून रहमतीच्या फरिश्त्यांनी त्याला नेले. या हदीसमधून आपण अल्लाहची माफी केवढी मोठी, हे शिकतो. आलिमचा सल्ला मात्र विसरतो. तौबा मनाने होते, पण ती टिकवायला वस्ती लागते.

रमजानचेच पाहा. अकरा महिने पिणारे कित्येकजण त्या महिन्यात बाटलीला हात लावत नाहीत. (फार पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते, तेथे डॉक्टर हवाच.) ही ताकद कुठून येते? सगळा मोहल्ला एका वेळी उठतो, एका वेळी रोजा सोडतो, एका सफीत उभा राहतो. ईदनंतर ही सोबत सुटते आणि पाय जुन्या वाटेला लागतात.

हीच सोबत वर्षभर देणारी घरे असू शकतात. अमेरिकेत मेरीलँड राज्यात १९७५ साली व्यसनमुक्तांचे एक निवासगृह बंद पडत होते. तेथील रहिवाशांनीच ते भाड्याने घेतले. त्यातून ऑक्सफर्ड हाऊस उभे राहिले. आज अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत. नियम मोजके: कारभार रहिवाशांच्या मतांनी, भाडे सर्वांनी वाटून, आणि जो पुन्हा नशा करील त्याने घर सोडायचे. राहण्याला मुदत नाही. इलिनॉय राज्यात उपचार घेऊन बाहेर पडलेल्या १५० जणांचा दोन वर्षांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने घरी गेलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के पुन्हा नशेकडे वळले होते. या घरांत राहिलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के.

घसरलेल्याला बाहेर काढणे निर्दयपणाचे नाही का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. बुखारीतच एका सहाबीची हकीकत आहे. दारू प्यायल्याबद्दल त्यांना वारंवार आणले जाई आणि सजा होई. एकाने त्यांना लानत दिली, तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी त्याला रोखले, हा अल्लाह आणि रसूलवर प्रेम करतो, असे सांगितले. सजा टळली नाही आणि इज्जतही गेली नाही. नियम बाकीच्या पाचजणांना वाचवण्यासाठी असतो. बाहेर पडलेल्याला पुन्हा उपचारापर्यंत पोचवणे आणि नंतर परत घेणे, हे त्याच नियमाचे दुसरे अंग झाले पाहिजे.

गुन्हेगारांवर कौमचा पैसा का घालवायचा, हाही आक्षेप येतो. जकातीबद्दल उलमांना विचारावे; सदका द्यायला तर कोणाची आडकाठी नाही. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. एका चर्चच्या आवारातून निघालेले ते काम सर्व धर्मांच्या माणसांपर्यंत गेले. २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. आपल्या मशिदी आणि जमाती यात काय करीत आहेत?

मांजर्लीत अशा घराला लागेल तरी काय? दोन खोल्यांचा फ्लॅट, सहा माणसे, व्यसन सोडून काही वर्षे झालेला एक जुना माणूस, आणि भाडे भरायला प्रत्येकाच्या हाताला काम. अडचण पैशांची कमी आणि सोसायटीची जास्त आहे. ‘असली माणसे इथे नकोत’ हे वाक्य आपल्याला नवे नाही. नाव सांगताच फ्लॅट नाकारला जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले आहे. तेव्हा आपण न्याय मागतो, आणि मागायलाच हवा. पण आपल्याच इमारतीत तौबा केलेला माणूस खोली मागायला आला, तर आपल्या तोंडून तेच वाक्य निघते. ज्याला दार बंद होण्याचे दुःख कळते, त्याने दार बंद करावे, हे आम्हाला पटत नाही.

माफ करणे अल्लाहच्या हाती आहे. खोली देणे आपल्या हाती आहे. भाडेकरारावर जामीन म्हणून सही करायला कोण पुढे येतो, एवढाच प्रश्न उरतो.