पाचवा बार

माणदेशात एक शेतकरी विहीर खणत होता. वीस हातांवर काळा कातळ लागला. पहारीला तो दाद देईना, म्हणून शेतकऱ्याने सुरुंगवाल्यांची टोळी बोलावली.

टोळीच्या मुकादमाकडे दोन उमेदवार पोरं होती. थोरला बिनधास्त. वात पेटवून शीळ घालत दोरावरून वर यायचा आणि काठावरच बसायचा. मुकादम ओरडला की मग मागे सरायचा. धाकट्याचे मात्र हात कापायचे. कातळात भोक पडलं की तो आतली भुकटी काढायचा, दारू भरायचा, वर माती ठासायचा. ठासायला दांडा लाकडाचाच घ्यायचा, कारण लोखंडाची एक ठिणगी पुरे! प्रत्येक बाराला त्याला घाम फुटे. टोळीने त्याचं नावच ‘ससा’ ठेवलं होतं.

एका सकाळी पाच बार भरले. थोरल्याने वाती पेटवल्या. सगळे लांब बाभळीआड जाऊन बसले. धडाधड आवाज झाले, दगड उडाले. धुरळा बसला तशी माणसं घण-पहारी उचलून निघाली.

धाकटा दोर धरून आडवा उभा राहिला.

“चारच उडाले.”

सगळे हसले. “अरे सशा, दोन एकदम उडाले असतील!”

शेतकरी चिडला. “पाऊस तोंडावर आलाय. बसून रोज घेणार का?”

मुकादमाने थोरल्याला विचारलं, “तू किती मोजलेस?”

थोरल्याने हसणाऱ्यांकडे पाहिलं. “पाच, नाना.” आणि तो उतरायला पुढे झाला.

धाकट्याचे पाय लटपटत होते. आवाजही चिरकला. “नाना, माझा आजचा रोज कापा. पण दोर सोडणार नाही.”

मुकादम खाली बसला. त्याने तंबाखू मळायला घेतली. “बसा सगळे,” तो म्हणाला.

शेतकरी बडबडत घरी गेला. दुपार कलल्यावर मुकादम स्वतः पाण्याची बादली घेऊन विहिरीत उतरला. कोपऱ्यात, फुटलेल्या कपारीखाली, पाचवा बार जसाच्या तसा होता. वात मध्येच विझली होती. वरून पहार बसली असती, तर चार-पाच घरं उघडी पडली असती. मुकादमाने भोकात पाणी ओतलं आणि तो वर आला.

संध्याकाळी भाकरी खाताना थोरला हळूच म्हणाला, “नाना, मीही चारच मोजले होते.”

“मग बोलला का नाहीस?”

“सगळे भित्रा म्हणाले असते.”

मुकादम म्हणाला, “सुरुंगाला भिणारा माणूस मला चालतो. हसण्याला भिणारा नाही. तोच खरा भित्रा.”

दुसऱ्या दिवसापासून बार मोजायचं काम धाकट्याकडे आलं. थोरला महिनाभर काठावर राहून दगडांच्या पाट्या ओढत होता.